आधी धाकटीची झोप, मग तिकिटं: थीम पार्कची सहल कशी आखावी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माणसं पाच: तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. हातात सहा रात्री. मोठ्या थीम पार्कला जायचंय, कुठल्या ते अजून नक्की नाही. मागच्या वेळी दिवसभर रांगेत उभं राहून जेमतेम चार राइड झाल्या, मुलगी संध्याकाळी रडून रडून झोपली आणि खर्च ठरवलं होतं त्याच्या कितीतरी वर गेला. या वेळी पैसा आणि वेळ दोन्ही हातात राहावेत, एवढंच तुम्हाला हवंय.

मी सुरुवातीची तीन वर्षं एका पार्कमध्ये राइडवर ऑपरेटर होते. नंतरची सोळा वर्षं कुटुंबांच्या सहली आखून देते आहे. त्यामुळे रांग मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे, आणि त्यावरून एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते: आखणीची सुरुवात तुमच्यातल्या सर्वात लवकर थकणाऱ्या माणसापासून करा. तुमच्याकडे अशी दोन माणसं आहेत, धाकटी आणि सासूबाई. त्या दोघींचा दिवस नीट बसला, की हॉटेल कुठे घ्यायचं, तिकीट किती दिवसांचं घ्यायचं, पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

बहुतेक घरांत हे उलट होतं. आधी स्वस्त विमान, मग स्वस्त हॉटेल, मग पार्कची तिकिटं आणि शेवटी ‘मुलांचं तिथे गेल्यावर बघू’. मी गेली कित्येक वर्षं सहलीहून परतलेल्या कुटुंबांना एकच विनंती करते, की खर्चाच्या पावत्या वेळेनुसार लावून मला दाखवा. ठरवलेलं नसताना झालेला खर्च जवळजवळ नेहमी दुपारी एक ते चारच्या मध्ये सापडतो. त्या वेळी मूल पेंगुळलेलं असतं, ऊन डोक्यावर असतं, रांगा दिवसातल्या सर्वात लांब असतात. मग रडणं थांबावं म्हणून खेळणं घेतलं जातं, जरा बसता यावं म्हणून महागड्या रेस्टॉरंटमध्ये जेवण होतं, आणि ‘आता एवढे पैसे घालून आलोच आहोत तर’ म्हणून पाच जणांचे एक्सप्रेस पास, म्हणजे रांग टाळायचे विकतचे पास, घेतले जातात. त्याच तीन तासांत धाकटी खोलीत झोपलेली असती, तर यातलं काहीच घ्यावं लागलं नसतं.

म्हणून पहिला निर्णय हॉटेलचा, आणि तो भावापेक्षा अंतरावरून घ्यायचा. अंतर नकाशावरचं धरू नका. खोलीच्या दारापासून पार्कच्या गेटमधून आत पाऊल पडेपर्यंत किती मिनिटं लागतात ते धरा. समजा हा वेळ चाळीस मिनिटं आहे. दुपारी परत येऊन पुन्हा जायचं म्हटलं, की दिवसाच्या चार फेऱ्या झाल्या, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं नुसती प्रवासात. असं असलं की दुपारची झोप रद्दच होते, कागदावर कितीही लिहिलेली असली तरी. दहा-पंधरा मिनिटांत पोचता येणारं हॉटेल रात्रीमागे थोडं महाग वाटतं, पण टॅक्सी, पार्किंग आणि वर सांगितलेला दुपारचा खर्च जमेस धरला तर अनेकदा तेच स्वस्त पडतं. पूर्ण हिशेब केल्याशिवाय लांबचं हॉटेल घेऊ नका.

यावरून पार्क निवडायलाही मदत होते. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये उघडलं. त्याचा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे, आत चार मोठी पार्क आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल किंवा बोट लागते. पहिल्यांदा जाणाऱ्या, चार वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे सोबत असलेल्या कुटुंबाला मी सहा रात्रींत तिथे सहसा पाठवत नाही. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला १९५५ मध्ये सुरू झालेलं मूळ डिस्नेलँड आणि त्याच्या शेजारचं दुसरं पार्क यांची गेटं समोरासमोर आहेत, आणि हार्बर बुलेव्हार्डवर गेटापासून चालत जाता येईल अशी डिस्नेची नसलेली बरीच हॉटेलं आहेत. हाँगकाँगचं डिस्ने पार्क २००५ मध्ये सुरू झालं. ते आकाराने आटोपशीर आहे आणि त्याच्यासाठी मेट्रोची स्वतंत्र शाखा आहे. पॅरिसजवळच्या पार्कला, जे १९९२ चं, आरईआर या उपनगरी रेल्वेची ए लाइन थेट गेटापाशी नेते, म्हणून तिथे गाडी भाड्याने घ्यायची गरज पडत नाही. टोकियोतही जेआर रेल्वेच्या माइहामा स्टेशनवर उतरलं की पार्क समोरच. तुमच्यासाठी या चारांतलं, ज्याचा विमानप्रवास तुम्हाला स्वस्त आणि कमी दगदगीचा पडेल ते, असं माझं मत आहे.

आता तारखा. पूर्वी कुठल्याही दिवशी तिकिटाचा भाव एकच असायचा. आता बहुतेक मोठ्या पार्कांत भाव तारखेप्रमाणे बदलतो, आणि त्याचा एक फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: पार्कने स्वतःच गर्दीचा अंदाज तुमच्यापुढे मांडलेला असतो. तिकिटाचं कॅलेंडर उघडा, सर्वात स्वस्त आठवडा शोधा. तिथे पैसेही कमी आणि रांगाही कमी. सर्वसाधारणपणे मंगळवार ते गुरुवार बरे. टाळायच्या तारखा देशागणिक वेगळ्या असतात. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यावर येणारा ओबोन, हाँगकाँग आणि शांघायला १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा आणि चांद्र नववर्ष, अमेरिकेत नाताळ ते नवीन वर्ष, थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि मार्च-एप्रिलमधली शाळांची वसंताची सुट्टी. तुम्ही ज्या देशात जाताय तिथल्या शाळांच्या सुट्ट्या बघा, आपल्या मुलांच्या नव्हे. हे सांगायला सोपं आणि विसरायलाही.

कमी गर्दीच्या दिवसांची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेव्हा पार्क लवकर बंद होतं आणि मोठ्या राइड दुरुस्तीला काढल्या जातात. म्हणून तारीख पक्की करायच्या आधी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर बंद राइडची यादी पाहा. मुलाने ज्या एका राइडसाठी सहा महिने दिवस मोजले ती ताडपत्रीखाली झाकलेली दिसली, तर वाचलेल्या पैशांचं त्याला काही कौतुक नसतं. फ्लोरिडात ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये गर्दी खरंच कमी असते, पण उकाडा फार, दुपारच्या वादळी सरी नेहमीच्या आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात.

तिकिटांबाबत तुमच्यासाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणता. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत लहान मुलांचं तिकीट ३ ते ९ वयासाठी असतं, दहाव्या वाढदिवसापासून मोठ्यांचा भाव. टोकियोत हीच मर्यादा ४ ते ११ आहे, हाँगकाँगला ३ ते ११. म्हणजे अमेरिकेला जाणार असाल तर सहल त्याच्या दहाव्या वाढदिवसाच्या आत बसते का ते बघा. धाकटीचं तिकीट या सगळ्याच ठिकाणी लागेल. हाँगकाँगला ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळं आणि बरंच स्वस्त तिकीट असतं, सासूबाईंच्या दृष्टीने ते पाहून ठेवा.

बहुतेक पार्कांत दिवस वाढतील तसा दर दिवसाचा भाव उतरतो, त्यामुळे तिथे एका दिवसाची सुटी तिकिटं घेत जाऊ नका. पण म्हणून सहा दिवसांचं तिकीटही नको. सहा रात्रींसाठी मी तुम्हाला तीन दिवसांचं तिकीट सुचवते. पोचण्याच्या दिवशी पार्क नाही, कारण दुपारी चारला आत शिरून पूर्ण दिवसाचे पैसे भरण्यात अर्थ नाही. त्या संध्याकाळी गेटापर्यंत एक फेरी मारा, रस्ता आणि वेळ पाहून घ्या आणि मुलांना लवकर झोपवा. पुढचे दोन दिवस पार्क, चौथा दिवस पूर्ण मोकळा, पाचव्या दिवशी पुन्हा पार्क. सहावा राखीव: पाऊस, ताप, बंद पडलेली राइड, यातलं काही तरी एक निघतंच. एकाच दिवशी दोन पार्कांत जाता येणारं जादा पैशांचं तिकीट चार वर्षांच्या मुलीसोबत वसूल होत नाही, ते सोडून द्या.

तिकीट पार्ककडून किंवा पार्कने अधिकृत म्हणून जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. माझ्या अगदी सुरुवातीच्या काळात मी एका विक्रेत्याच्या स्वस्त भावाला भुलले. त्याने दिलेली अनेक दिवसांची तिकिटं आधी कोणीतरी एक दिवस वापरलेली होती. फ्लोरिडाच्या गेटवर तिकिटाशी बोटाचा ठसा जोडलेला असतो. सकाळी आठला एक आई, वडील आणि दोन मुलं त्या यंत्रासमोर उभी होती, आणि दिवा हिरवा होईना. नवीन तिकिटांचे पैसे मी भरले, पण त्या मुलांचा सकाळचा दीड तास परत देता आला नाही. हे मला आजही लागतं.

आता रांगेबद्दल. इथे थोडा वेळ थांबते, कारण तुमचं मागचं दुखणं हेच होतं.

रांगेची लांबी पाहून थांबायचा वेळ कळत नाही. तो दोन गोष्टींवर ठरतो: पुढे माणसं किती आणि ती राइड तासाला किती माणसं नेते. रांगांचं गणित करणाऱ्यांकडे याचा एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. आपल्या कामापुरतं असं: पुढची माणसं भागिले तासाची क्षमता. एका राइडसमोर ४०० माणसं आहेत आणि ती तासाला २४०० जणांना नेते, तर दहा मिनिटं. शेजारच्या राइडसमोर २०० च माणसं, पण ती तासाला ६०० जणांना नेते, तर वीस मिनिटं. रांग निम्मी, वेळ दुप्पट. लोक डोळ्यांनी आखूड रांग निवडतात आणि तिथेच अडकतात.

क्षमता कशी ओळखायची? मी ऑपरेटर असताना आमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं, गाडी सुटण्यातलं अंतर. पाळण्यासारख्या राइडमध्ये सगळे उतरेपर्यंत नवीन कोणी बसू शकत नाही. मग एक मूल हत्तीच्या आकाराच्या गाडीचा रंग बदलून मागतं, एक आजोबा पट्टा शोधतात, कोणाची टोपी खाली पडते. प्रत्येक फेरीत अशी मिनिट-दीड मिनिट जातात आणि तेवढा वेळ पूर्ण राइड उभी असते. याउलट पायरेट्स ऑफ द कॅरिबियनसारख्या, डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून चालणाऱ्या राइडमध्ये वीसेक माणसं मावणाऱ्या होड्या एकामागून एक सुटत राहतात. १९६९ च्या हाँटेड मॅन्शनमध्ये तर खुर्च्यांची साखळी एरवी थांबतच नाही, माणसं सरकत्या पट्ट्यावरून चालता चालता बसतात. अशा ठिकाणची रांग लांब दिसली तरी पुढे सरकत राहते. तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर बाहेर पडायच्या दारापाशी घड्याळ लावून तीन मिनिटं उभं राहा, बाहेर येणारी माणसं मोजा आणि वीसने गुणा. ती झाली तासाची क्षमता.

यातून सकाळचा क्रम ठरतो. दार उघडताच बहुतेक लोक मोठ्या, नव्या कोस्टरकडे धावतात. तुमच्या धाकटीच्या आवडीच्या राइड, म्हणजे डंबो, पीटर पॅन्स फ्लाइट आणि तसल्याच छोट्या, याच खऱ्या कमी क्षमतेच्या. अकरानंतर त्यांची रांग जी वाढते ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी तुमच्यातला एक जण मुलाला घेऊन त्याच्या कोस्टरला जाऊ दे आणि दुसरा धाकटी व सासूबाईंसोबत या छोट्या राइड उरकू दे. साडेदहाला ठरलेल्या जागी भेटा. होड्या, सरकत्या खुर्च्या, नाट्यगृहातले शो, परेड हे सगळं त्यानंतरसाठी ठेवा.

गेट उघडायच्या पाऊण तास आधी तिथे असा. नऊला उघडणार म्हणजे सव्वाआठला रांगेत. बॅगांची तपासणी, तिकीट, बाबागाडी यांत वेळ जातोच, आणि अनेक पार्क जाहीर वेळेच्या आधीच लोकांना आतल्या पहिल्या चौकापर्यंत सोडतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. माझ्या अनुभवात पहिल्या दीड तासात जेवढ्या राइड होतात तेवढ्या अकरा ते चारमध्ये होत नाहीत. तुमची मागची सहल नेमकी इथेच फसली, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. तुम्ही साडेदहाला पोचला होतात.

ॲपवर किंवा फलकावर दिसणाऱ्या वेळेविषयी एक गोष्ट माहीत असू द्या. आमच्याकडे हा वेळ मोजायची जुनी पद्धत अशी होती: रांगेच्या तोंडाशी एखाद्या पाहुण्याच्या हातात एक कार्ड द्यायचं, त्याने ते बसताना परत करायचं. किती वेळ लागला ते त्यावरून कळायचं. म्हणजे फलकावरचा आकडा हा पाऊण तासापूर्वी आत शिरलेल्या माणसाचा असायचा. सकाळी रांग वाढत असते तेव्हा खरा वेळ फलकापेक्षा जास्त निघतो, रात्री रांग ओसरत असते तेव्हा कमी. रात्रीचा मोठा आकडा बघून मागे फिरू नका.

दुपारचं मी आधीच सांगितलं. बाराच्या सुमारास बाहेर पडा, धाकटी आणि सासूबाई खोलीत झोपू देत. चार-साडेचारला सगळे परत. मधल्या वेळात तुमच्यापैकी एक जण मुलाला घेऊन आत थांबू शकतो, आणि तेव्हा एकट्या स्वारांची रांग वापरा. अनेक कोस्टरना ही वेगळी रांग असते: गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की तिथून एकाला उचलतात. शेजारी बसायला मिळत नाही, पण वेळ पुष्कळ वाचतो. नऊ वर्षांच्या मुलाला तिथे घेतात का, हे मात्र राइडगणिक विचारून घ्या. रोज मुलाला थांबवू नका, एक दिवस त्यालाही झोपू द्या.

आई-वडील दोघांनाही ज्या राइडला जायचंय पण धाकटी जिथे चालत नाही, तिथे अदलाबदलीची सोय असते. डिस्नेमध्ये तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांत चाइल्ड स्वॅप. रांगेच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सांगायचं. एक जण रांगेतून जाऊन येतो, दुसरा मुलीपाशी थांबतो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पूर्ण रांग पुन्हा लावावी लागत नाही. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यासोबतही कोणी जाऊ शकतं, म्हणजे तुमच्या मुलाला तीच राइड दोनदा मिळते. यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. तरी हे माहीत नसलेली कुटुंबं मी दर वर्षी बघते.

उंचीचं आधी घरी बघून घ्या. फ्लोरिडातल्या स्पेस माउंटनला ११२ सेंमी लागतात, ट्रॉनला १२२, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७. टोकियोच्या जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थला ११७. हे आकडे कमरेवर आणि मांडीवर बसणाऱ्या दांड्याच्या रचनेवरून ठरतात, म्हणून एक सेंटीमीटर कमी असेल तरी ऑपरेटर सोडत नाही, सोडू नये. मी स्वतः पट्टीखाली उभं राहून रडणाऱ्या मुलांना परत पाठवलं आहे. त्या मुलांना मी नाही म्हटल्याचं दुःख कमी होतं. पाऊण तास रांगेत उभं राहून शेवटी कळलं, याचं जास्त. धाकटीची उंची ती घालणार आहे त्याच बुटांत मोजा, आणि ‘या तीन तुझ्या, त्या दोन दादाच्या’ हे तिला घरीच सांगून टाका.

रांग टाळायचे विकतचे पास घ्यावेत का? डिस्नेमध्ये १९९९ साली फास्टपास आला तेव्हा तो फुकट होता. अमेरिकेत २०२१ पासून ही सोय पैसे मोजून घ्यावी लागते. तुमच्या घराचा हिशेब केला तर असे पास ज्या राइडना लागू होतात त्यातल्या निम्म्या तरी धाकटी आणि सासूबाई यांच्या उपयोगाच्या नाहीत. सकाळी वेळेवर पोचणाऱ्या, दुपारी बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला पाच पासांची गरज पडत नाही. अगदीच वाटलं तर एका दिवशी, फक्त मुलगा आणि त्याच्यासोबतचा एक, असे दोन घ्या.

याला एक अपवाद आहे. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल ओरलँडोच्या तीन महागड्या हॉटेलांत, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, राहणाऱ्या प्रत्येकाला युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन जुन्या पार्कांचा एक्सप्रेस पास खोलीच्या भाड्यातच मिळतो. शिवाय तो येण्याच्या आणि जाण्याच्या, दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात पाच जणांना दोन दिवसांचे पास. पाच पास सुटे घेतले तर किती होतात ते मांडून बघा, मोठ्या कुटुंबाला अनेकदा महागडी खोलीच स्वस्त पडते. २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कला मात्र ही सवलत नाही. असे अपवाद वर्षागणिक बदलतात, आरक्षण करताना पुन्हा वाचा.

खाण्यापिण्याचा खर्च माणसं गृहीत धरतात तेवढा अटळ नसतो. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत स्वतःचं खाणं आत नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून. तिथे पेय विकणाऱ्या काउंटरवर मागितलं तर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. टोकियोत घरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, त्यासाठी गेटाबाहेर जागा केलेली आहे. नियम पार्कागणिक बदलतात, जायच्या आधी वाचा. सकाळची न्याहारी खोलीत किंवा हॉटेलात, दुपारचं खाणं झोपेआधी बाहेर, आणि आत फक्त एक जेवण, तेही साडेपाचला, लोकांची झुंबड व्हायच्या आत. ॲपवरून आधी ऑर्डर देता येत असेल तर रांगेत उभं असतानाच ती देऊन ठेवा. प्रत्येकाची पाण्याची बाटली, पावसाळी कोट, टोपी, सनस्क्रीन, मोबाइलची जादा बॅटरी घरून न्या. आत विकत घेतलेला पावसाळी कोट सर्वात महाग पडतो, कारण तो भर पावसात घ्यावा लागतो.

खेळण्यांसाठी मुलांना ठरावीक रक्कम आधी सांगा आणि खरेदी शेवटच्या पार्कदिवशीच. नऊ वर्षांचा मुलगा तीन दिवस दुकानांतून फिरत मनात हिशेब करतो आणि शेवटी नीट विचार करून एक वस्तू घेतो. धाकटीला बाबागाडी हवीच, ती चार वर्षांची असली तरी. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. स्वतःची हलकी, घडी होणारी गाडी न्या, रोजच्या भाड्यापेक्षा परवडते. अमेरिकेतल्या डिस्नेत ती ७९ सेंमी रुंद आणि १३२ सेंमी लांब याच्या आतली लागते. ओळखू यावी म्हणून दांड्याला भडक रंगाचं फडकं बांधा, राइडबाहेर शंभर सारख्या गाड्या उभ्या असतात आणि कर्मचारी त्या सरकवतात.

आता सासूबाई. गुडघे दुखतात तर चाकाची खुर्ची पहिल्या दिवसापासून घ्या, तिसऱ्या दिवशी नको. बऱ्याच जणींना संकोच वाटतो. त्यांना सांगा की चालणं बंद करायचं नाहीये, लांबची अंतरं खुर्चीतून जायचं आणि जवळचं चालायचं. खुर्ची असली म्हणून रांग टळत नाही, पण रांगेत बसता येतं, आणि नव्या राइडच्या बहुतेक रांगांतून ती पुढपर्यंत नेता येते. आणि एक गोष्ट मनापासून सांगते: दुपारी नातीजवळ त्या झोपतील म्हणजे दिवसभर मुलं सांभाळायला त्या आल्या आहेत, असं होऊ देऊ नका. त्यांची स्वतःची यादी करा. होडीची राइड, रेल्वेची चक्कर, एखादा मोठा शो, रात्रीची रोषणाई. माझ्याकडून गेलेल्या एका आजींना पार्कभोवती फिरणारी वाफेची आगगाडी इतकी आवडली की त्या नातवाला घेऊन तीनदा बसल्या. त्या आगगाडीला रांग जवळपास नव्हतीच.

संध्याकाळी छोटी मुलं असलेली कुटुंबं आठच्या सुमारास परतू लागतात. तुमची धाकटी दुपारी झोपलेली असेल, म्हणून तुम्ही तेव्हा ताजे असाल. रोषणाई किंवा आतषबाजी चालू असताना राइडच्या रांगा सर्वात आखूड असतात. तीनपैकी एका रात्री ती बघा, उरलेल्या दोन रात्री त्या वेळात राइड करा. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलात तर राइड मिळते. म्हणून मुलाची सर्वात लाडकी राइड शेवटच्या रात्री, बंद व्हायला दहा मिनिटं असताना.

पक्का क्रम लिहून द्यायला मला तुमच्याकडून तीन गोष्टी लागतील: धाकटीची बुटांसकट उंची, मुलाच्या दहाव्या वाढदिवसाची तारीख, आणि सासूबाई सलग किती मिनिटं उभ्या राहू शकतात ते. कळवलंत की तिन्ही सकाळींचा राइडवार क्रम मांडून देते. तोवर विमानाचं तिकीट काढू नका.